एका कान्याचे मोल

इतरांची दिवाळी भाऊबीजेला संपते. आमच्या भंडारा जिल्ह्यात ती भाऊबीजेपासून रंगात येते. ओवाळणी झाली की गावोगाव मंडई भरू लागते. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. दिवसा दंडार, रात्री नाटक किंवा खडी गंमत, चिवड्याची दुकाने, पाळणे, आणि घरोघर माहेरी आलेल्या लेकी. ज्याच्या घरी मंडईला पाहुणा नाही तो माणूस गावात जरा खालच्या मानेनेच हिंडतो.

गेल्या वर्षी माझी मान वर होती. मुंबईची बहीण आली होती आणि तिच्याबरोबर तिचा मुलगाही. हा माझा भाचा आता चाळिशी ओलांडलेला, संगणकाच्या धंद्यात मुरलेला गृहस्थ आहे. पण मामाच्या घरी आला की त्याचे वय पंधरा होते. मंडईच्या सकाळी तो ओसरीवर मांडी घालून मांडीवरचा संगणक उघडून बसला होता. पडदा काळाकुट्ट. त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी, आणि खाली एक रेघ लुकलुकत उभी. ना चित्र, ना रंग, ना ते टिचकी मारायचे बाण.

शेजारचे पाटील चहाला आले होते. त्यांनी वाकून पाहिले आणि हळहळून म्हणाले, "गुरुजी, भाच्याचं यंत्र बिघडलं जी! साकोलीला एक पोरगा दुरुस्ती करते, पाठवू का?"

भाचा हसला. म्हणाला, "बिघडलं नाही काका, पत्रं वाचतोय."

वाचकहो, या सदराचे जुने गिऱ्हाईक असाल तर तुम्हाला ठाऊक आहे की यंत्रांशी माझे संबंध सोवळ्यातले. मोबाइल आहे, त्यावर नातवंडांची छायाचित्रे येतात, सकाळी सकाळी गुलाबाच्या फुलांसह सुप्रभात येते, एवढेच. ई-पत्र म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर ती रंगीत पाटी येते, जिच्यात मूळ पत्र शोधण्याआधी चार जाहिराती आणि दोन सूचना ओलांडाव्या लागतात. त्यामुळे हा काळा फळा पाहून मला एकदम शाळेत आल्यासारखे वाटले. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटले, "समजाव बघू."

त्याने समजावले ते असे. संगणकाला कामे सांगण्याचे दोन मार्ग. एक, चित्रांकडे बोट दाखवायचे, जसे परक्या मुलखात आपण दुकानदाराला केळ्याकडे बोट दाखवतो. दुसरा, भाषा शिकून तोंडाने सांगायचे. ती लुकलुकणारी रेघ म्हणजे दारात उभा असलेला शिपाई, तो "काय हुकूम?" एवढेच विचारतो. हुकूम टाइप करायचा, त्याने तो बजावायचा. यालाच कमांड लाइन म्हणतात. या ओळीवरून चालणारे पत्रांचे कार्यक्रमही निराळे. आर दाबले की उत्तर लिहायचे, क्यू दाबले की बाहेर. उंदीर लागत नाही. आलेल्या पत्रातले फक्त शब्द दिसतात. मजकुराखेरीज जे काही सजावटीचे सामान असेल ते बाहेरच चपला काढून बसते.

"पण इतके चांगले सोय असलेले कार्यक्रम सोडून हे कशाला?" मी विचारले.

त्याने मोबाइल पुढे केला. मंडईचा दिवस, सारा मुलूख गावात लोटलेला, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. टॉवर एक, गिऱ्हाइके हजारो. माझ्या फोनवर एक चित्र अर्धे उतरून अडकले होते. त्याच्या काळ्या पडद्यावर मात्र पत्रे येत होती, जात होती. साध्या मजकुराचे पत्र दोन-चार किलोबाइटांत मावते. तेच सजवून, चित्रे डकवून पाठवले की त्याचे वजन शेकडो पटींनी वाढते. बैलगाडीच्या वाटेवर ट्रक अडतो, सायकल निघून जाते; तसेच हे.

मग त्याने त्या कार्यक्रमांची कुळकथा सांगितली. तीही ऐकण्यासारखी आहे. 1971 साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन नावाच्या अभियंत्याने एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राला पहिले पत्र धाडले. ती दोन यंत्रे एकाच खोलीत शेजारी शेजारी होती, पण पत्र गेले जाळ्यातून. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये घालायचे ते गोल वेटोळे त्यानेच निवडले. पुढे 1986 मध्ये डेव्ह टेलर याने पत्रे वाचण्यासाठी एल्म नावाचा कार्यक्रम केला. एल्म हे एका झाडाचे नाव. त्यामागून 1989 मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पाइन तयार झाला, तेही झाडच. हा पाइन पंडितांसाठी नव्हता. विद्यापीठाच्या कचेरीत काम करणाऱ्या, संगणकाला बिचकणाऱ्या माणसांना सोपे जावे म्हणून तो केला. म्हणून कोणती कळ दाबली की काय होते याची यादी पडद्याच्या तळाशी सतत दिसायची. 1995 मध्ये मायकेल एल्किन्सने मट काढला. मट म्हणजे गावठी कुत्रे! त्याच्या कर्त्याचा दावाही गावठी कुत्र्याइतकाच प्रामाणिक: पत्रांचे सगळेच कार्यक्रम वाईट असतात, हा त्यातल्या त्यात कमी वाईट. भाच्याच्या पडद्यावर हेच गावठी कुत्रे राखणीला बसले होते.

"मामा," तो म्हणाला, "तुम्हाला पाइन ठाऊक असायला हवा. तुमची पत्रं मी त्यातूनच धाडत होतो."

हे ऐकले आणि माझ्या हातातला चहा जरा हिंदकळला. कारण त्या पत्रांचा विषय आमच्या घरात कोणी काढत नाही.

ती हकिकत सांगतो. माझा धाकटा भाऊ 1990 नंतर अमेरिकेत गेला आणि शिकागोच्या आसपास स्थिरावला. मी इथे, लाखनीजवळच्या गावात, मास्तरकी आणि शेती सांभाळून. शेती वडिलोपार्जित, दोघांची. हवाई टपालाने पत्र यायला पंधरवडा लागे आणि परदेशी फोनचा मिनिटाचा दर ऐकला की छाती दडपे. ई-पत्राची सोय देशात होती, पण आमच्यापासून दूर. 1986 साली अर्नेट या जाळ्याने मोठमोठ्या शिक्षणसंस्था जोडायला सुरुवात झाली होती. त्या दशकाच्या अखेरीस निकनेटने जिल्ह्यांची ठाणी उपग्रहावरून दिल्लीशी जोडली, पण तो सरकारी कामाचा मामला. सामान्य माणसासाठी विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे इंटरनेट खुले केले. त्यात विद्यार्थ्यांसाठी एक स्वस्त खाते असे. त्याला शेल खाते म्हणत. त्यावर चित्रे दिसत नसत. टेलिफोनच्या तारेवरून मोडेम किंचाळायचा, आणि मग तो काळा पडदा आणि पाइन. भाचा तेव्हा मुंबईत अभियांत्रिकी शिकत होता आणि त्याच्याकडे असे खाते होते.

तेव्हा आम्ही अशी व्यवस्था बसवली. भाऊ शिकागोहून भाच्याला ई-पत्र लिही. भाचा ते वाची, पोस्टकार्डावर उतरवी आणि मला पाठवी. मी उत्तर लिहिले की तो ते टाइप करून तिकडे धाडी. शिकागो ते मुंबई काही सेकंद, आणि मुंबई ते लाखनी चार दिवस! तरी आम्ही त्याला प्रगती म्हणत होतो, आणि ती होतीच.

एक अडचण होती. त्या काळच्या पत्रजाळ्याची वर्णमाला रोमन, 128 चिन्हांची. तिच्यात आपला 'अ'सुद्धा नव्हता. युनिकोडमध्ये देवनागरीला 1991 पासून जागा मिळाली होती, पण ती सामान्यांच्या यंत्रांपर्यंत पोचायला पुष्कळ वर्षे जायची होती. तेव्हा लोक मराठी बोलत आणि रोमन लिहीत. अविनाश चोपडे यांची आयट्रान्स नावाची पद्धत होती. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ नेमके दाखवता येई. पण घरच्या पत्राला कोण नियम पाळतो? भाऊ लिहायचा ते कानामात्रा सोडून. वाचणाऱ्याने समजून घ्यायचे.

1998 च्या नोव्हेंबरात भाच्याचे कार्ड आले. त्यावर त्याच्या सुबक अक्षरात भावाचा निरोप होता: "दादा, यंदा धन किती झालं? माझा वाटा ठेव. सगळं तूच खाऊ नकोस."

एवढाच. जागा संपल्यामुळे खाली "सविस्तर नंतर" असे लिहून भाच्याने सही केली होती.

ते कार्ड मी आंगणात उभ्यानेच वाचले. त्या वर्षी परे टाकण्यापासून रोवणीपर्यंत सारे मी एकट्याने केले होते. तलावाचे पाणी आमच्या बांधीत वळवण्यासाठी रात्री जागून काढल्या होत्या. आईच्या आजारपणात एक म्हैस विकली होती, आणि त्यातला एक शब्द त्याला कळवला नव्हता. आणि हा विचारतो, धन किती झाले? सगळे तूच खाऊ नकोस? वकिलाच्या नोटिशीतसुद्धा यापेक्षा बरी भाषा असते.

मी भांडलो नाही. भांडलो असतो तर बरे झाले असते. मी मास्तर, मी हिशेब केला. किती खंडी झाले, मजुरी किती, खत किती, बाजारात काय दराने गेले, सारे एका कागदावर आखून लिहिले. शेवटी लिहिले, "तुझा निम्मा वाटा बँकेत तुझ्या नावे भरला आहे. यापुढे दर वर्षी भरला जाईल." ते भाच्याकडे पाठवले. उत्तर आले ते दोन शब्दांचे: "ठीक आहे."

त्यानंतर भावाने शेतीबद्दल एक अक्षर विचारले नाही. बोलणे तुटले, असे नाही. दिवाळीला फोन, पाडव्याला फोन, तब्येत, हवापाणी, मुलांच्या परीक्षा. आई गेली तेव्हा तो आला, दिवस करून परत गेला. मी दर वर्षी निम्मा वाटा भरत राहिलो. त्याने त्यातला एक पैसा कधी काढला नाही. तो का काढत नाही, याचा अर्थ मी माझ्या मनाशी लावला होता: डॉलर मिळवणाऱ्याला आमचे रुपये कशाला हवेत! दोन भावांमध्ये बांध पडायला शेताची वाटणीच व्हावी लागते, असे नाही.

हे सारे पंचवीस वर्षांहून जुने. आणि भाचा ओसरीवर बसून सहज म्हणत होता, "ती सगळी पत्रं आहेत माझ्याकडे. दाखवू?"

मी म्हटले, "ते खाते तर केव्हाच बंद झाले असेल."

"खातं गेलं, पण पेटी ठेवलीय," तो म्हणाला. मग त्याने सांगितले ते मला फार मोलाचे वाटले. पाइनमध्ये साठवलेली पत्रे कुठल्या गुप्त कपाटात नसत. सगळी पत्रे एकाखाली एक, साध्या मजकुरात, एकाच फाइलमध्ये लिहिलेली असत. नवे पत्र कुठे सुरू होते ते कळावे म्हणून वर 'फ्रॉम' या इंग्रजी शब्दाने सुरू होणारी एक ओळ. बस्स. खाते सोडताना त्याने ती फाइल मोडेमवरून उतरवून घेतली होती. साडेतीनशे पत्रे एका फ्लॉपीत मावली. फ्लॉपीवरून ती तबकडीवर गेली, तबकडीवरून पेन ड्राइव्हवर, तिथून या संगणकात. फ्लॉपी वाचणारे यंत्र आज घरात नाही. तबकडी घालायची फटही नव्या संगणकांना नसते. पण अक्षरे तीच राहिली, कारण ती कोणत्याही एका यंत्राच्या मालकीची नव्हती.

त्याने हुकमाच्या ओळीवर मटचे नाव लिहिले, एक आडवी रेघ, एफ हे अक्षर आणि त्या पेटीचे नाव. कळ दाबली. काळ्या पडद्यावर पत्रांची यादी उभी राहिली. तारीख, पाठवणाऱ्याचे नाव, विषय. तो खाली खाली जात राहिला. नोव्हेंबर 1998. त्याने ते पत्र उघडले आणि चहा आणायला आत गेला.

मी चष्मा पुसून वाचू लागलो. अक्षरे रोमन, पण बोली आमच्या घरची. ती तुमच्यासाठी देवनागरीत उतरवतो:

"दादा, औंदा धान किती झाला? माझा वाटा ठेवजो. सारं तूच नको खाऊ. इथल्या भाताले वासच नाही. चिन्नोरचं पहिलं ताट आठवते."

आणि खाली इंग्रजीत सही: तुझ्या भुकेल्या भावाकडून.

मी ते तीनदा वाचले. धान! अहो, धान! डी, एच, ए, एन. चार अक्षरे. त्यात काना नव्हता, पण 'झाला' होते, 'ठेवजो' होते, 'भाताले' होते. आमच्याकडचा कोणीही माणूस झोपेतसुद्धा ते धानच वाचील. भाचा मुंबईत वाढलेला. तिकडे शेतात पिकतो तो भात आणि ताटात वाढतात तोही भातच. धान हा शब्द त्याच्या कानावर तेव्हा पुरता पडला नव्हता. त्याने आपल्या समजुतीप्रमाणे धन वाचले. मग धनाला 'झाला' कसे, म्हणून भावाचे व्याकरण शुद्ध केले. 'ठेवजो'चे 'ठेव' केले. 'नको खाऊ'चे 'खाऊ नकोस' केले. आणि कार्डावर जागा संपली म्हणून वासाची ओळ सोडली. बिचाऱ्याने सारे प्रामाणिकपणे केले. पोरगा विशीचासुद्धा नव्हता.

दोष द्यायचाच तर मला द्यावा लागेल. आमच्या घरी नव्या धानाचा पहिला भात शिजला की आई सर्वांचे वाटे काढून ठेवी. धाकटा उशिरा येई, आणि मी त्याच्या वाट्यातले दोन घास मारलेले असत. त्यावरून जी रडारड होई तिचे हे शब्द होते. "सारं तूच नको खाऊ." हे वाक्य मी लहानपणी शंभर वेळा ऐकले होते. ते शुद्ध मराठीत आले, तर मला ओळखू आले नाही.

भाचा चहा घेऊन आला. मी काही बोललो नाही. फक्त पडद्यावर बोट ठेवले. सहीच्या ओळीआधी एक कोन, बाणाच्या टोकासारखा, छापला होता. "हे काय? त्याने लिहिलेय?"

"नाही मामा, हे यंत्राचं. ओळ 'फ्रॉम'ने सुरू झाली ना? ते नवं पत्र समजलं जाऊ नये म्हणून कार्यक्रमाने खूण केली." आणि मग सहज म्हणाला, "बाकी एका अक्षराचाही फरक नाही. जसं आलं तसं."

यंत्राने पत्रात एक खूण घातली, आणि तीही खूण म्हणून दिसेल अशी. माणसांनी जे घातले आणि वगळले त्याची खूण कुठेच नव्हती.

मी म्हटले, "याला उत्तर देता येते का?"

"कोणाला? या पत्राला?" तो चकित झाला. "ते अठ्ठ्याण्णवचं आहे."

"उत्तर राहिलेच आहे त्याचे."

त्याने आर दाबले. कार्यक्रमाने कोणाला पाठवायचे ते विचारले. भावाचा जुना पत्ता मेलेला, म्हणून नवा घातला. विषय तोच ठेवला. मूळ पत्र उत्तरात घ्यायचे का, असे विचारले, हो म्हटले. वर भावाच्या ओळी, प्रत्येकीआधी तोच कोन, आणि खाली मोकळी जागा. आता यंत्राला देवनागरी येते. भाच्याने सांगितले की रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणजे धानातला तो काना तीन बाइटांना पडतो. मी म्हटले, पडू दे. मला त्याची याहून फार मोठी किंमत पडली आहे.

मी सांगितले, त्याने टाइप केले: "धान अजून बांधीत उभा आहे. हलका कापून झाला, चिन्नोर निघायला महिना आहे. तुझा वाटा ठेवतो. मी तुझे पत्र आज वाचले." त्याने वाय दाबले. मंडईच्या गर्दीत, त्या थकलेल्या टॉवरवरून, ते चार ओळींचे पत्र गेले.

उत्तर संध्याकाळी आले. दंडारीचे ढोलके वाजत होते, भाचा मला हात धरून गर्दीतून बाहेर घेऊन आला आणि एका दुकानाच्या दिव्याखाली त्याने संगणक उघडला. भावाने माझे पत्र वाचून त्याखाली देवनागरीत लिहिले होते: "दादा, तेव्हा तू हिशेब पाठवला. मी समजलो, दादानं मले पाहुणा केलं. म्हणून पुन्हा विचारलं नाही."

त्या उत्तराचा अर्थ लावायला मला कोणाचीही मदत लागली नाही.

वाचकहो, मी काळ्या पडद्याचा प्रचारक झालेलो नाही. माझ्या मोबाइलवर गुलाबाची फुले येतच आहेत. पण एक गोष्ट मी शिकलो ती तुमच्या दिवाळीच्या फराळाबरोबर ठेवतो. आपल्या माणसाचा शब्द दुसऱ्याच्या तोंडून आला, कुणी सुधारून, आटोपशीर करून, शुद्ध करून दिला, आणि तो ऐकून काळजाला घर पडले, तर उत्तर लिहिण्यापूर्वी मूळ पत्र मागून घ्या. आणि आपल्याकडे येणारी पत्रे अशी ठेवा की पंचवीस वर्षांनी कोणत्याही यंत्रावर ती उघडतील. साध्या अक्षरांत ठेवलेले तेवढे टिकते.

यंदा भाऊ येतो म्हणाला. त्याला भाऊबीजेला, मंडईलाच यायचे होते. मी कळवले, घाई करू नकोस. चिन्नोर नोव्हेंबर उलटल्याशिवाय घरी येत नाही. त्याने तिकीट डिसेंबरचे काढले आहे. पहिल्या भाताला तो पाटावर बसेपर्यंत मी त्याच्या ताटाला हात लावणार नाही, असे मी बहिणीला सांगितले. तिचा माझ्यावर विश्वास नाही.